वाराचं ताट



पुण्याच्या सदाशिव पेठेची आपण थट्टाच जास्त करतो. पण 1909 साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, त्याच पेठेतलं. तिथली गरीब पोरं सुरुवातीला माधुकरी मागून शिकली. पुण्यात कित्येक पोरं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वाढणाऱ्या घरात सुबत्ता असेच असं नाही. पुढे त्यातले काही वकील, मास्तर झाले, दारावर पाट्या लागल्या. वाढणारीचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

खरं तेही सांगू. ते वार बहुतेक जातीतल्या पोरांचे. आपल्या पोरांसाठी भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे धान्याची ओढ झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा विकायला दिलं. भाऊरावांना 1959 साली पद्मभूषण मिळालं. लक्ष्मीबाई 1930 सालीच गेल्या होत्या.

हे आज का काढलं? मागच्या बैठकीत व्यासपीठावर कोण बसणार, यात आपला तासभर गेला. पत्रकात नाव खाली आलं म्हणून दोघे न जेवता निघून गेले. आम्हीही त्या वादात होतोच, नाही कशाला म्हणा! तेव्हा मागे चुलीवर बाया ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. बोंडअळीनं कापूस गेलेला एक गडी कोपऱ्यात बसला होता. एकीनं त्याला काही न विचारता घरच्यांसाठी चार भाकरी बांधून दिल्या.

आज जेवणं झाली की ताटं घासायला पहिले आम्ही व्यासपीठावरचे बसणार आहोत. राख आणि पाणी मागे ठेवलंय.