नगरसेवक विचारायला येतात तेव्हा

(वर्धापनदिनाच्या धम्मसभेत विहार समितीच्या वतीने केलेले भाषण)



राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नगरपरिषदांवरही काही वर्षे प्रशासक होते. गाऱ्हाणे घेऊन जायचे तर कोणाच्या दारात, हेच कळत नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि वस्तीला पुन्हा नगरसेवक मिळाले. आता त्यांचा निरोप आहे की, "विहारात येतो; वस्तीत काय बदल हवा आणि लोक कशावर नाराज आहेत, ते मला सांगा." निवडून आल्यावर विचारायला येतात ही चांगलीच गोष्ट आहे. आपण त्यांचे मनापासून स्वागत करू. पण हार, शाल आणि चहा झाला म्हणजे आपले काम संपले असे कोणी समजू नये.

अशा बैठकीत काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. पुढच्या खुर्च्यांवर चार जण बसतात, तरुण पोरं मागं उभी, आयाबहिणी दाराशी. कोणी म्हणतं, "साहेब, नळाला पाणी कवा येतंय तेच कळंना बघा." साहेब मान डोलावतात, सोबतचा माणूस डायरीत काहीतरी लिहितो, फोटो निघतो. डायरीत काय लिहिले ते कोणालाच ठाऊक नसते. आणि जो बोलला नाही, तो राजी आहे असे धरले जाते.

गप्प राहणे म्हणजे संमती, हा नियम तर भिक्खू संघातही होता. पण संघात आधी ठराव सर्वांसमोर स्पष्ट मांडला जाई. महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा ऐकवला जाई आणि मग जो गप्प राही त्याची संमती धरली जाई. संसदेची कार्यपद्धती संघाला माहीत होती, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत मुद्दाम सांगितले होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोकाही सांगितला. तेव्हा आमचे एवढेच म्हणणे आहे की, ठराव वाचून न दाखवता आपल्या गप्प राहण्याचा होकार कोणी करू नये.

विचारायला आलेल्यांपुढे कसे बोलावे, हे बाबासाहेबांनीच दाखवून दिले आहे. मताधिकार कोणाला द्यावा याची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस. पण ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. लेखी निवेदन होते, आकडे होते आणि अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांनीच मांडले पाहिजे हा ठाम मुद्दा होता. दुसऱ्याची सहानुभूती कितीही खरी असली तरी आपले दुखणे आपल्यालाच सांगावे लागते.

सांगून झाले, ठरावही झाला, तरी पाणी मिळतेच असे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. तळ्यावर मात्र कोणाला जाता आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला! म्हणून ठराव झाल्यावर पाठपुरावा सोडू नये.

आता आपल्या भागातलेच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. लोकांना विचारले नाही असे म्हणता येणार नाही. गावसमित्या झाल्या. जिथे जागच्या जागी घरांची दुरुस्ती होती, तिथे गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमून घरोघरचे म्हणणे शासनापर्यंत नेले गेले. पण भूकंपाच्या धास्तीने दगडमातीच्या घरात पाऊल टाकायला माणूस तयार नव्हता. त्या भीतीत पुष्कळांनी गाव हलवा असेच सांगितले. पुढे रांगेतली घरे आली, रुंद रस्ते आले, पण शेत लांब पडले आणि गल्लीतली जवळीक गेली. तेव्हा माणसाला एकदाच विचारून भागत नाही. नकाशा तयार झाल्यावर तो उलगडून पुन्हा विचारावे लागते, आणि म्हाताऱ्यांना, बायकांना, भाडेकऱ्यांनाही विचारावे लागते.

आपल्या वस्तीतही एकमत नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रस्ता रुंद व्हावा असे तरुणांना वाटते. रुग्णवाहिका आत येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ज्यांचे घर कडेला आहे त्यांची झोप उडाली आहे. हातात घरपट्टीच्या पावत्या आहेत, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. उद्या मोजणी आली तर भरपाई कोणाला मिळणार? एकाचा रस्ता म्हणजे दुसऱ्याचे घर होऊ नये. या दोन्ही गोष्टी नगरसेवकांना एकाच कागदावर दिसल्या पाहिजेत.

म्हणून समितीची विनंती अशी की, ते येण्याच्या आधी आपण विहारात बसू. आधी आयाबहिणी बोलतील, मग कडेच्या घरांतले, मग बाकीचे. पाणी किती दिवसांनी येते, कोणत्या गल्लीत गटार तुंबते, किती घरांचा उतारा नाही, हे मोजून लिहू. ज्यावर एकमत नाही तिथे दोन्ही मते लिहू. निवेदनाच्या दोन प्रती करू, एकीवर पोच घेऊ. बैठक संपण्याआधी डायरीत काय लिहिले ते मोठ्याने वाचून दाखवा, अशी नम्र विनंती नगरसेवकांना करू. महिनाभरात काही कळले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच. अर्ज केला की साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. आपली शहरे तेवढी मोठी नाहीत. मग लोकांनी एकत्र बसून विचार करायची जागा कोणती? आम्हास वाटते, ती हा विहार आहे. वारंवार एकत्र जमणारे, एकोप्याने बसणारे आणि एकोप्याने उठणारे वज्जी जोवर तसे वागतात तोवर त्यांची हानी होत नाही, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. वंदनेला जमतो तसे विचारालाही जमू या. येताना घरपट्टीची पावती आणि उताऱ्याचा कागद असेल तो बरोबर आणा.

जय भीम! जय भारत!