आजारी माणसाचे म्हणणे
(बेलव्ह्यूहून ध्वनिमुद्रित करून पाठविलेले भाषण)



मनाच्या आजाराविषयी आपल्या घरांतून फार हळू आवाजात बोलतात. मुलामुलींची लग्ने ठरायची असतात, म्हणून तो विषय दाराबाहेर जाऊ देत नाहीत; आणि लग्ने झाली की मग व्याह्यांना कळू नये म्हणून जाऊ देत नाहीत. मी डॉक्टर नव्हे. परिचारिकेची पदविका घेऊन आयुष्यभर वॉर्डात उभी राहिलेली बाई आहे, तेव्हा वॉर्डातून जे दिसते तेच सांगेन.

ठाण्यात शार हाशामाईमच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना तेथील मनोरुग्णालय ठाऊकच आहे. ते 1901 सालचे. ‘ठाण्याला पाठवू’ ही धमकी आपण लहानपणी हसत हसत ऐकली. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार रुग्णालयांत बरे होऊनही घरी न्यायला कोणी न आल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे राहिली. डॉ. हरीश शेट्टी यांना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

मी नोकरीत असतानाची एक बाई सांगते. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तिचा आजार उसळे. एका विशिष्ट इंजेक्शनाने तिची मान वाकडी होई आणि जीभ जड पडे. पुरुष कर्मचाऱ्याने हात धरला की ती किंचाळे. परंतु दिवा लावून कोणी शेजारी बसले, तर तासाभरात शांत होई. हे सारे तिच्या धाकट्या बहिणीला तोंडपाठ होते. पण बहिणीला भेटीच्या वेळेशिवाय आत प्रवेश नव्हता, आणि रिपोर्टबुकात एकच ओळ असे : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ प्रत्येक भरतीला तेच इंजेक्शन, आणि प्रत्येक वेळी वाकडी मान. औषधे होती, खाटा होत्या, डॉक्टरही वाईट नव्हते. त्या बाईविषयीची माहिती मात्र कागदावर यायला वाटच नव्हती.

ती वाट आता कायद्याने दिली आहे. मी राहते त्या वॉशिंग्टन राज्यात 2003 पासून मानसिक आरोग्याचा आगाऊ निर्देश लिहिता येतो. माणूस स्वस्थ असताना लिहून ठेवतो की, पुढे माझी निर्णयशक्ती ढळली तर मला कोणते औषध चालेल, कोणते नको, कोणाला बोलवावे, माझ्या वतीने कोणी बोलावे. एक तरतूद तर मला फारच शहाणपणाची वाटते. आजाराच्या भरात हा निर्देश स्वतःला रद्द करता यावा की येऊ नये, हेही माणसाने शुद्धीत असतानाच ठरवायचे असते. म्हणजे उद्याच्या आजारी ‘मी’ला आजच्या ‘मी’ने घातलेली गाठ! भारतातही मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याने हा अधिकार दिला. तो 29 मे 2018 पासून लागू आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, समाजात राहण्याचा हक्क आहे, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. अर्थात दोन्हीकडे मर्यादा आहेत. आणीबाणीत डॉक्टर प्रथम जीव वाचवतील, आणि ते योग्यच.

बेलव्ह्यू ज्या किंग काउंटीत आहे, तेथील मतदारांनी एप्रिल 2023 मध्ये नऊ वर्षांसाठी मालमत्तेवर जादा कर मान्य केला. त्यातून मानसिक संकटात सापडलेल्यांसाठी पाच केंद्रे उभारायची आहेत. त्यांतले पहिले आमच्या शेजारच्या कर्कलंडमध्ये आहे. 2022 पासून 988 हा तीन आकडी क्रमांकही देशभर सुरू झाला. स्वतःच्या खिशातून कर मंजूर करणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. पण इमारत तुमच्या आईला ओळखत नाही. मुलाकडे राहायला आलेली सत्तरीची बाई घाबरली की शिकलेले इंग्रजी विसरते आणि मराठीतच बोलू लागते. आणि अनोळखी भाषेतले बोलणे ऐकणाऱ्याला असंबद्ध वाटू शकते. म्हणून निर्देशात पहिली ओळ भाषेची लिहावी : ‘मला मराठी दुभाषी हवा.’ सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकन रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो. हे काम नातवावर टाकू नये. आजीचे भ्रम नातवाच्या तोंडून वदवून घेणे हा दोघांवरही अन्याय आहे.

पुढे बारीकसारीक गोष्टी येऊ द्या. जेवणात काय चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोणाचा फोन यावा. केसांना कोणी हात लावलेला खपत नाही. मागच्या खेपेस कशाने बरे वाटले. अशा ओळी वकिलाला सुचत नाहीत. त्या घरातल्यांनी, आणि मुख्य म्हणजे ज्याचा आजार आहे त्याने सांगायच्या. त्याला वगळून मुलांनी परस्पर भरलेला कागद म्हणजे पुन्हा तेच रिपोर्टबुक. तो म्हणाला, ‘दादाला कळवू नका,’ तर तेही लिहावे, दादाला कितीही लागले तरी.

वॉशिंग्टनमध्ये साक्षीदारांच्या सह्या घ्याल तेव्हा ध्यानात ठेवा : रक्ताचा वा लग्नाचा नातेवाईक साक्षीदार चालत नाही, उपचार करणाराही नाही, आणि ज्याला प्रतिनिधी नेमले तोही नाही. येथे सिनेगॉगातली मंडळी उपयोगी पडतील. सही करणाऱ्याने वाचलेला मजकूर बाहेर बोलायचा नाही, एवढे आधी ठरवून घ्यावे. एक प्रत डॉक्टरांकडे, एक प्रतिनिधीकडे, एक फोनमध्ये छायाचित्र काढून. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता बँक बंद असते.