चित्रपट लांबतो तेव्हा

एखाद्या चित्रपटाची जाहीर झालेली तारीख पुढे गेली, किंवा त्याचा काही भाग पुन्हा चित्रित होत असल्याची बातमी आली, की तो चित्रपट बिघडला असा निकाल वितरक, वृत्तपत्रे आणि प्रेक्षक बहुधा तो पडद्यावर येण्यापूर्वीच देऊन मोकळे होतात. हा निकाल प्रत्येक वेळी चुकतो असे नाही; परंतु ज्या पुराव्याच्या आधारे तो दिला जातो, तो पुरावा मुळात दुसऱ्याच गोष्टीचा असतो. पुनर्चित्रण आणि विलंब यांवरून चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी थोडे कळते, आणि त्या चित्रपटावर अखेरचा शब्द कोणाचा चालतो व त्या शब्दाची किंमत कोण मोजतो याविषयी पुष्कळ कळते.

चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. वाडा एकदा भाड्याने घेतला की कथेच्या आरंभीचे आणि अखेरचे, वाड्यातले सगळे प्रसंग एकाच वेळी उरकले जातात, आणि नटांनी दिलेले दिवस, ज्यांना व्यवसायात 'डेट्स' म्हणतात, ते संपले की सगळा ताफा पांगतो. त्यानंतर संकलक तुकडे कथेच्या क्रमाने लावून जी पहिली ढोबळ जुळणी करतो तिला 'रफ कट' म्हणतात, आणि दिग्दर्शकाला आपला चित्रपट सलग असा पहिल्यांदा दिसतो तो तेव्हाच. एखादी नजर, एखादे दार उघडणे, दोन प्रसंगांना जोडणारे एखादे वाक्य राहून गेले आहे हे त्या जुळणीत उघड होते, आणि ते भरून काढण्यासाठी जे एक-दोन दिवसांचे चित्रण केले जाते त्याला 'पॅचवर्क' म्हणतात. अशा कामाची बातमी होण्याचे काहीही कारण नाही. परदेशातील मोठ्या स्टुडिओंत तर त्यासाठी दिवस आणि पैसे आधीच राखून ठेवलेले असतात. पुनर्चित्रण या नावाला खरोखर पात्र असते ते संपूर्ण प्रसंग, शेवट किंवा अख्खा चित्रपट नव्याने उभा करणे, आणि तेथे पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की हे करण्याचा निर्णय कोणाचा होता.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांत उपयोगी चित्रपट आहे. त्याची भाषा हिंदी असली तरी त्याची माती कोकणाची आहे, त्याचे नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचे आहे, आणि त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या भयकथांचे संस्कार आहेत. बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. पुढे सुमारे सातशे पानांचा 'स्टोरीबोर्ड', म्हणजे प्रत्येक दृश्य कसे दिसेल याचे चित्रांतून केलेले टिपण, तयार केला. अनेक निर्मितीसंस्थांनी विषय घेतला आणि सोडला. २०१२ मध्ये चित्रण झाले, त्याचे संकलनही झाले, आणि ते पाहिल्यावर बर्वे आणि निर्माते-नायक सोहम शाह या दोघांचेही समाधान झाले नाही. मग पटकथा नव्याने लिहून चित्रण पुन्हा करण्यात आले, ते २०१५ च्या मे महिन्यात संपले, आणि चित्रपट प्रदर्शित झाला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ करून आल्यानंतर.

या चित्रपटातील पाऊस जवळून पाहण्यासारखा आहे. कथेत तुंबाडवर पाऊस थांबतच नाही, आणि पडद्यावरचा तो करडा, ओला, सावली न पाडणारा उजेड नळीने पाणी उडवून मिळत नाही, कारण फवारा पाणी देतो, ढग देत नाही. म्हणून चित्रण अनेक पावसाळ्यांत वाटून करावे लागले. याचा हिशेब वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही: जे काम मृगापासून हस्तापर्यंतच होऊ शकते, ते एकदा हुकले की एक वर्ष जाते. तेव्हा 'तुंबाड' लांबला हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. जो पाऊस त्या चित्रपटाचा प्राण आहे, त्या पावसानेच त्याची वर्षे घेतली. केलेले काम टाकून देण्याचा निर्णय ज्यांनी ते केले होते त्यांचाच होता, आणि त्याचा खर्चही त्यांच्यातल्याच एकाने सोसला. पहिल्या प्रदर्शनात या चित्रपटाला बेताचेच यश मिळाले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. त्या बारा वर्षांत कोणत्याही टप्प्यावर 'हा प्रकल्प फसला' असे म्हणणाऱ्याकडे सबळ कारणे होती, आणि तरीही तो चुकलाच असता.

याच्या अगदी उलट टोकाला 'शोले' आहे. त्याचा मूळ शेवट असा चित्रित झाला होता की दोन्ही हात तोडले गेलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणी लागू झाली होती, आणि निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे बोलीतल्या सेन्सॉर बोर्डाला, मान्य नव्हता; म्हणून शेवट पुन्हा चित्रित करून त्यात पोलीस आणण्यात आले आणि चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. बदल काही मिनिटांचा आहे. जोडे तेच, खिळे तेच, गब्बरचे चिरडले जाणारे हातही तेच. परंतु अखेरच्या क्षणी एक शिस्तबद्ध आवाज ठाकूरला थांबवतो आणि सूडाची कथा कायद्याच्या कथेत बदलते. हे पुनर्चित्रण दिग्दर्शक रमेश सिप्पी यांच्या कौशल्याविषयी काहीच सांगत नाही. ते १९७५ च्या राज्यसंस्थेविषयी सांगते. मूळ शेवट असलेली, डागडुजी करून पूर्ववत केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली, तेव्हा पन्नास वर्षांनी हे दोन्ही शेवट मोठ्या पडद्यावर एकमेकांशेजारी ठेवून पाहणे शक्य झाले.

तिसरा प्रकार असा की निर्णय कोणाचाच नसतो. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ पेटवण्यात आला आणि त्यात 'मीठभाकर' या चित्रपटाची निगेटिव्ह, म्हणजे ज्या मूळ फितीवरून सर्व प्रती काढल्या जातात ती फीत, जळून गेली. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये लोकांसमोर आणला. याहून जुने पुनर्चित्रणही आहे: दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज उपलब्ध असलेली रिळे ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या चित्रपटाची नसून १९१७ मध्ये फाळक्यांनी तोच विषय पुन्हा चित्रित केला त्याची आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. हे मत ग्राह्य धरले तर भारतीय कथापटाचा आरंभ म्हणून ज्या दृश्यांकडे आदराने पाहिले जाते तीच पुनर्चित्रित ठरतात, आणि त्यामुळे त्यांचे मोल तसूभरही कमी होत नाही.

संशय खरा ठरल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती टाळणे योग्य होणार नाही. २०१५ च्या 'फॅन्टास्टिक फोर' या अमेरिकन चित्रपटात स्टुडिओने दिग्दर्शकावर लादलेले पुनर्चित्रण नायिकेच्या डोक्यावरील टोपावरून ओळखू येत होते, कारण मधल्या काळात तिचे केस बदलले होते. प्रेक्षकांनी तो टोप पाहिला आणि चित्रपटही नाकारला. मात्र त्याच देशात २०१७ मध्ये रिडली स्कॉट यांनी 'ऑल द मनी इन द वर्ल्ड' पूर्ण झाल्यावर केव्हिन स्पेसी यांना वगळून त्यांचे प्रसंग ख्रिस्तोफर प्लमर यांना घेऊन अवघ्या नऊ दिवसांत पुन्हा चित्रित केले, चित्रपट त्याच डिसेंबरात लागला, आणि प्लमर यांना त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. दोन्हीकडे घाई होती आणि दोन्हीकडे पैसा ओतला गेला. पहिल्या ठिकाणी दिग्दर्शकाच्या हातून चित्रपट काढून घेतला जात होता, आणि दुसऱ्या ठिकाणी तो दिग्दर्शकाच्याच हातात होता.

विलंबाचे शास्त्र यापेक्षा अधिक रुक्ष आहे, कारण त्यात बहुतांशी पैशाचा प्रश्न असतो. भारतात दीर्घकाळ चित्रपटाला बँका कर्ज देत नसत; सावकार पैसे देई आणि त्या बदल्यात प्रयोगशाळेकडून असे पत्र घेई की आपले देणे फिटल्याशिवाय निगेटिव्हवरून प्रती काढून देऊ नयेत. या 'लॅब लेटर'मुळे पूर्ण झालेला चित्रपटही डब्यात पडून राही, आणि व्याज वाढत असल्याने जितका उशीर होई तितकी सुटका अवघड होई. फाळक्यांच्या 'सेतुबंधन'चे गाडे पैशाअभावीच अडले. मूकपट म्हणून आरंभलेले ते काम १९३२ मध्ये पुरे झाले तोवर 'आलम आरा' हा बोलपट १४ मार्च १९३१ ला लागून गेला होता, मुंबई बोलपटांनी भरली होती, आणि त्या चित्रपटाला मागाहून आवाज जोडून तो १९३४ मध्ये पुन्हा आणावा लागला. विलंबाने केलेली खरी हानी पाहायची असेल तर ती येथे पाहावी: कामात खोट नव्हती, पण ज्या काळासाठी ते केले होते तो काळच निघून गेला. कमाल अमरोहींच्या 'पाकीजा'ला १९५६ ते १९७२ अशी सोळा वर्षे लागली, संगीतकार गुलाम मोहम्मद मध्येच वारले, आणि नायिका मीनाकुमारी प्रदर्शनानंतर दोन महिन्यांच्या आत गेल्या. तरी त्या चित्रपटाला काळ मारू शकला नाही, कारण त्याचे जगच मुळात भूतकाळाचे होते.

विदर्भाच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळचे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'चे आहे. नागपूरच्या वस्त्यांतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेल्या या चित्रपटाचे चित्रण २०१८ च्या अखेरीस सुरू झाले. प्रदर्शनासाठी ८ मे २०२० ही तारीख जाहीर झाली होती. आधी टाळेबंदीने चित्रपटगृहे बंद झाली, पाठोपाठ कथाहक्काच्या दाव्यात तेलंगणातील न्यायालयाची स्थगिती आली, ती उठवण्यास सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नकार दिला, पुढे १८ जून २०२१ ही तारीखही हुकली, आणि अखेर ४ मार्च २०२२ रोजी चित्रपट लागला. या सगळ्या काळात चित्रपट कसा झाला आहे हे कोणत्याच प्रेक्षकाला माहीत नव्हते, तरी तो 'अडकलेला' चित्रपट म्हणून बोलला जात होता. त्याच काळात दिग्पाल लांजेकर यांचा 'जंगजौहर' नावाने जाहीर झालेला चित्रपट 'पावनखिंड' हे नाव घेऊन आणि वारंवार तारीख बदलून १८ फेब्रुवारी २०२२ ला आला, आणि त्याला प्रेक्षकांची मोठी गर्दी लोटली. साथीच्या त्या दोन वर्षांतल्या विलंबावरून कोणत्याही चित्रपटाची पारख करणे अन्यायाचे आहे.

वऱ्हाडाला चित्रपटाच्या विलंबाची आणखी एक, आता विसरली जाऊ लागलेली जात ठाऊक आहे. व्यवसायाच्या सोयीसाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, ज्यांना 'टेरिटरी' म्हणतात, त्यांत हा प्रदेश आजही 'सीपी बेरार' या जुन्या नावाने ओळखला जातो, आणि अमरावती हे त्याच्या वितरणाचे मोठे केंद्र होते. प्रती महाग आणि मोजक्या असल्यामुळे त्या आधी मोठ्या शहरांत चालत, आणि मग बाळापुरासारख्या तालुक्याच्या गावी किंवा जत्रेतल्या तंबूत येत. तोवर चित्रपट चांगला की वाईट याचा निवाडा मुंबईत होऊन गेलेला असे. तारखेमागे हंगामही असतो: दहावी-बारावीच्या परीक्षा, क्रिकेटचे सामने, त्याच शुक्रवारी येणारा मोठा हिंदी चित्रपट, आणि कापूस-सोयाबीन विकून घरात पैसा येण्याचे दिवस पाहूनच मराठी निर्माता आपली तारीख मागेपुढे करतो. संगणकीय प्रक्षेपण आल्यापासून सर्वत्र एकाच दिवशी चित्रपट लागतो हे उत्तमच झाले, पण त्याबरोबर अफवाही सर्वत्र एकाच दिवशी पोहोचते आणि वऱ्हाडातला प्रेक्षक स्वतः पाहून मत बनवण्याची आपली जुनी सवड गमावतो.

या विषयाचा अभ्यास अडतो तो साधनांच्या अभावी. कोणत्या दिवशी काय चित्रित झाले याच्या रोजनिशा, संकलकाच्या वह्या, परिनिरीक्षण मंडळाने सुचवलेल्या कापाकापीच्या याद्या आणि टाकून दिलेले चित्रण हीच येथील अस्सल कागदपत्रे आहेत, आणि मराठी निर्मितीसंस्थांनी ती बहुधा रद्दीत घातली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून फिती जपल्या. तितक्याच निगुतीने हे कागद आणि हे वगळलेले तुकडे मागून घेतले पाहिजेत. 'शोले'चे दोन शेवट ताडून पाहता येतात ते कोणीतरी जुनी रिळे फेकली नाहीत म्हणून. 'तुंबाड'चे २०१२ मधले चित्रण अभ्यासकांसाठी खुले झाले, तर एका दिग्दर्शकाने स्वतःचे काय नाकारले आणि त्या जागी काय आणले हे मराठी विद्यार्थ्याला दृश्य दृश्यासमोर ठेवून तपासता येईल.