तुळजापूरचें स्टेशन कोणतें?

महाराष्ट्रांतील बहुतेक घराण्यांचा कुलाचार कोल्हापूर, तुळजापूर, माहूर किंवा सप्तशृंगी यांपैकीं कोठल्या तरी देवीशीं जडलेला असतो. घरांत लग्नकार्य झालें, नवें मूल आलें, कीं देवीला जाऊन यावयाचें ठरतें. आणि तें ठरल्यावर पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा. कोल्हापूरच्या यात्रेकरूचें काम सोपें आहे. आगगाडी त्याला १८९१ सालापासून थेट गांवांत नेऊन सोडते. माहूरच्या गडावर अथवा सप्तशृंगीच्या कड्यावर गाडी जावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. तुळजापूरची गोष्ट निराळी. हें नांदतें, बाजारपेठेचें, तालुक्याचें गांव आहे. सोलापूर-धुळें या हमरस्त्यावर आहे. आणि तरीहि आगगाडीच्या वेळापत्रकांत त्याचें नांव सांपडत नाहीं. “तुळजापूरचें स्टेशन कोणतें?” या प्रश्नाला दीडशें वर्षांहून अधिक काळ “सोलापूर” हेंच उत्तर मिळत आलें. तुळजापूरचें स्वतःचें स्टेशन आतां होऊं घातलें आहे. तेव्हां परगांवच्या स्टेशनावर या तीर्थानें इतकीं वर्षें कशीं काढलीं, हें पाहून ठेवणें उपयोगाचें होईल.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यास चालूं लागली, आणि १८६० सालीं सोलापुरास पोंचली. मधला बोरघाट मात्र १८६३ सालापर्यंत पुरा झाला नव्हता. म्हणजे या तीन वर्षांत मुंबईहून निघालेल्या यात्रेकरूला घाटाच्या पायथ्याशीं उतरावें लागे, डोलींतून, बैलगाडींतून किंवा पायीं घाट चढावा लागे, आणि खंडाळ्यास पुन्हां दुसऱ्या गाडींत बसावें लागे. एवढें करून तो सोलापुरास उतरला, म्हणजे तुळजापूर तेथून अठ्ठावीस मैल राही. पुढें १८७१ सालीं हा रूळ रायचुरास जाऊन मद्रासच्या रुळास मिळाला. १८८४ सालीं होटगीहून विजापुरावरून गदगपर्यंत मीटर गेजची गाडी सुरू झाली. तेव्हांपासून कानडी आणि तेलंगी मुलखांतील भक्तांचीहि उतरण्याची जागा सोलापूर हीच झाली. तुळजाभवानीचा भक्त केवळ मराठी बोलतो असें समजणारांनीं आश्विनांत एकदां सोलापूरच्या फलाटावर उभें राहून पाहावें.

१८६० हें साल आणखी एका कारणासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ज्यांत तुळजापूर येई तो नळदुर्गचा जिल्हा निजामानें १८५३ च्या तहानें इंग्रजांकडे सोंपविला होता. ठगांवरील कादंबरीनें नांवाजलेला मेडोज टेलर या जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर होता. त्यानें १८६३ सालीं ‘तारा’ नांवाची जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिची नायिका तुळजापूरचीच आहे. १८६० सालीं हा मुलूख इंग्रजांनीं निजामास परत केला. ज्या वर्षीं गाडी सोलापुरास आली, त्याच वर्षीं सोलापूर आणि तुळजापूर यांच्यामध्यें सरहद्द पुन्हां उभी राहिली. सरहद्दीच्या अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली रुपया. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचा अंमल आणि करोडगिरीचे नाके. परडी आणि कवड्यांची माळ घेऊन निघालेल्या आराध्याच्या मनांत ही सरहद्द नव्हतीच. रूळ टाकणारांच्या नकाशावर मात्र ती ठळक होती.

तो नकाशा पाहिला, म्हणजे तुळजापुरास गाडी कां आली नाहीं तें निराळें सांगावें लागत नाहीं. निजामाची रेल्वे १८७४ सालीं वाडीहून सिकंदराबादेस गेली. मराठवाड्यांतून मनमाडपर्यंत जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली. दोन्हींचीं तोंडें हैदराबादेकडे. राज्याच्या पश्चिम कोपऱ्यांत बसलेल्या, आणि बाजारहाटासाठीं सोलापुराकडे पाहणाऱ्या तुळजापूरसाठीं हैदराबादेहून रूळ आणण्यांत संस्थानच्या खजिन्याचा लाभ तो काय? इंग्रज कंपनीलाहि दुसऱ्याच्या राज्यांत डोंगर चढून जाण्याचें कारण नव्हतें. १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें सत्तावीस मोटारी घेऊन रस्त्यावरची वाहतूक स्वतःच सुरू केली. रूळ नाहीं तेथें रेल्वेचीच मोटार, असा तो मामला होता.

सरहद्द ओलांडण्याची हिंमत करणारी एक चिमुकली गाडी मात्र तुळजापूरच्या जवळून गेली. ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें ती उभी केली. तिचा रूळ अवघा अडीच फूट रुंदीचा. कॅल्थ्रॉपचें सूत्र असें होतें कीं, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. इंजिनाचा आणि डब्यांचा भार सर्व आंसांवर सारखा वांटला, म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, वळणें आंखूड घेतां येतात, आणि खर्च बेताचा राहतो. ही गाडी १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे हल्लींचें कुर्डुवाडी, येथून बार्शी गांवापर्यंत सुरू झाली. १९०६ सालीं ती पंढरपुरास गेली, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस. लातूरकडे जातांना ती येडशी, तडवळें अशीं स्टेशनें घेत निजामाच्या मुलखांतून जाई. गंमत अशी, कीं जिल्ह्याचें ठाणें असलेलें धाराशिव, त्या काळचें उस्मानाबाद, तें या रुळावर नव्हतेंच. तेथील माणसाला गाडी गांठावयाची तर आधीं येडशी गांठावी लागे.

विठोबाच्या दारीं गाडी गेली आणि भवानीच्या दारीं गेली नाहीं, यांत देवांचा कांहीं दोष नाहीं. पंढरपूर भीमेच्या सपाट कांठीं वसलेलें आहे, आणि तेथील वाऱ्यांना लाखों माणसें लोटतात. बार्शी-लातूरकडे कापूस होता, धान्य होतें, पेढ्या होत्या. तुळजापुरास यात्रा होती, परंतु बारमहा माल नव्हता. रेल्वेचा संसार यात्रेकरूच्या तिकिटावर चालत नाहीं, तो मालाच्या भाड्यावर चालतो. ही गोष्ट कडू वाटली तरी आजहि तितकीच खरी आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गच्या वाटेला लागल्या. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि मधली सरहद्द उठली. १९५४ सालीं बार्शी लाइट रेल्वे सरकारनें विकत घेतली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. राजकीय अडचण अशी सरली. पण रूळ आला नाहीं, आणि आणखी अर्धशतक यात्रेकरूचा सगळा भार एस. टी.नें वाहिला. पुढें बार्शीची लहान गाडी रुंद करावयाचें ठरलें, तेव्हां तिचा मार्गहि कांहीं ठिकाणीं बदलला आणि धाराशिवास प्रथमच स्टेशन मिळालें. लातूर ते धाराशिव हा भाग २००७ सालीं आणि धाराशिव ते कुर्डुवाडी हा २००८ सालीं सुरू झाला. तेथून तुळजापूर बावीस किलोमीटरांच्या आसपास आहे. तेव्हांपासून मूळ प्रश्नाला दोन उत्तरें झालीं. लातूरकडून येणाऱ्याला धाराशिव जवळ पडतें. मुंबई, पुणें, विजापूर, गुलबर्गा या बाजूंनीं येणारा अजूनहि सोलापुरास उतरतो, कारण गाड्यांची संख्या तेथें मोठी आहे. २०२३ सालापासून मुंबईची वंदे भारत गाडीहि सोलापूरपर्यंत येते. मुंबई-सोलापूर हे साडेचारशें किलोमीटर ती साडेसहा तासांच्या आसपास तोडते. मग पुढचे पंचेचाळीस मोटारीनें.

हे पंचेचाळीस किलोमीटर रुळावर आणणें दिसतें तितकें सोपें नाहीं. सोलापूर सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर आहे. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर, साडेसहाशें मीटरांच्या जवळपास. मोटारीचा रस्ता सपाटीवरून डोंगराशीं येतो आणि थोड्याशा घाटांत वर चढून मोकळा होतो. रबराच्या चाकाला डांबरावर जी पकड मिळते ती लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर मिळत नाहीं. शंभर मीटर पुढें गेल्यावर एक मीटर वर, हाच रेल्वेच्या दृष्टीनें चांगला चढ. त्या हिशेबानें दोनशें मीटर वर जावयास वीस किलोमीटर लांबीचा चढ हवा. त्यासाठीं कोठें भराव, कोठें खोल खोदाई, कोठें पूल. शिवाय जेथें गाडी थांबावयाची तेथील जमीन जवळजवळ सपाट असावी लागते. डोंगराच्या कुशींत, पायऱ्या उतरून जावयाच्या देवळाच्या दारीं स्टेशन कधींच येणार नाहीं, हें भाविकांनीं आधींच समजून असावें.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारें चौऱ्याऐंशी किलोमीटरांच्या मार्गास २०१९ सालीं मंजुरी मिळाली. त्या वेळचा अंदाज नऊशें चार कोटींच्या वर होता. निम्मा वांटा राज्य सरकारनें उचलावयाचा ठरला. भूसंपादन लांबलें, आणि पुढें सुधारलेला अंदाज तीन हजार कोटींच्याहि वर गेला. काम प्रथम धाराशिवच्या बाजूनें हातीं घेण्यांत आलें. म्हणजे ज्या गांवास स्वतःच १९११ च्या रुळानें वगळलें होतें, त्या गांवाकडून तुळजापुरास रूळ येत आहे.

आतां मुख्य मुद्दा सोयींचा. स्टेशन बांधतांना इमारतीला देवळासारखें शिखर द्यावें कीं नाहीं, याचीच चर्चा अधिक होते. शिखर असो वा नसो. यात्रेच्या गांवचें स्टेशन रोजच्या सरासरीवर बांधतां येत नाहीं. तुळजापूरचे गर्दीचे दिवस पंचांगांतच छापलेले असतात: मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आश्विनांतलें नवरात्र, पौषांतलें शाकंभरीचें नवरात्र, चैत्री पौर्णिमा. एरव्हीं चार बांकड्यांत भागेल; त्या दिवशीं भागणार नाहीं. आणि येणारा उतारू कसा असतो? त्याच्या काखेला मूल, डोक्यावर गांठोडें, हातांत परडी, बरोबर एखादी म्हातारी सासू किंवा आजी. तो एकटा चालत नाहीं. कुटुंब एकमेकांचा हात धरून चालतें, आणि एक थांबला कीं दहा थांबतात.

अलाहाबादच्या स्टेशनावर १० फेब्रुवारी १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१३ सालच्या त्याच तारखेस, कुंभमेळ्याच्या गर्दींत छत्तीस माणसें चेंगरून मेलीं. १५ फेब्रुवारी २०२५ रोजीं नवी दिल्लीच्या स्टेशनावर कुंभमेळ्यास निघालेल्यांच्या गर्दींत अठरा माणसें गेलीं. जिन्यावर एका उतारूच्या डोक्यावरचें मोठें ओझें खालीं पडलें आणि माणसें एकमेकांवर कोसळलीं, असें पुढें रेल्वेमंत्र्यांनीं संसदेंत सांगितलें. एका गांठोड्याचें निमित्त. मांढरदेवीच्या डोंगरावर २००५ सालीं काय झालें तें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. तेथें आगगाडी नव्हती, पण अरुंद वाट आणि देवीची यात्रा होती. तेव्हां तुळजापूरच्या स्टेशनांत सर्वांत मोलाची सोय कोणती म्हणाल, तर जिन्याऐवजीं रुंद उतरण. त्यानंतर फलाटाबाहेरचें प्रशस्त आवार, जेथें माणसाला सांवलींत बसतां येईल आणि गाडी लागेपर्यंत फलाटावर जावेंच लागणार नाहीं. पाण्याचे नळ पुष्कळ आणि लांब लांब. एकाच ठिकाणीं दहा नळ लाविले तर तेथेंच चेंगराचेंगरी व्हावयाची. बायकांसाठीं पुरेशीं शौचगृहें. सूचना मराठींत, कानडींत आणि तेलुगूंत, कारण गाडीचें नांव न कळलेला उतारू उलट्या दिशेनें धांवतो. आणि स्टेशनाबाहेर एस. टी.ची जागा आधीं आंखून ठेविलेली, मागून नव्हे.

गाडी आल्यावर पायीं जाणारे थांबतील, असा कोणाचा समज असल्यास तो फोल ठरेल. दसऱ्यास सीमोल्लंघन झाल्यावर देवी ज्या पलंगावर निद्रा करते, तो पलंग आणि तिची पालखी नगरच्या बाजूनें आजहि भक्तांबरोबर पायींच येतात. कोजागरी पौर्णिमेस सोलापूरपासून तुळजापूरपर्यंतचा रस्ता रात्रभर माणसांनीं वाहतो. त्यांत मोटारी असलेले आहेत, गाडीभाडें परवडणारे आहेत. तीं सारीं माणसें पायींच येतील. परंतु परततांना त्यांतला फारच थोडा पायीं परततो. दर्शन झालें, पाय सुजलेले आहेत, रात्रभर झोंप नाहीं. अशा माणसाला दुसऱ्या दिवशीं घरीं जावयास वाहन हवें असतें, आणि तें सर्वांना एकाच वेळीं हवें असतें. म्हणून तुळजापूरच्या स्टेशनावर येणाऱ्या गाड्यांपेक्षां जाणाऱ्या गाड्यांची तरतूद मोठी करावी लागेल, आणि पौर्णिमेच्या सकाळपासून सोलापूरच्या बाजूस दर तासास एक तरी मोकळा डब्बा उभा राहील अशी योजना वेळापत्रक करणारांना आतांपासून आंखावी लागेल.