उत्तम अध्यापनाचे मोल

महाविद्यालयाची कीर्ती कशावरून ठरवावी, असे कोणी विचारले तर सुशिक्षित मनुष्य इमारत, परीक्षांचे निकाल आणि अध्यापकांच्या पदव्या ही तीन प्रमाणे पुढे करील. वर्गाचे दार लोटून घेतल्यावर आत काय घडते, हे चौथे प्रमाण मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आणि विद्येचा खरा व्यवहार तर तेथेच होत असतो.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या चौथ्या प्रमाणाचे महत्त्व पटते. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील महाविद्यालयांत आसपासच्या कापूस पिकविणाऱ्या खेड्यांतून मुले-मुली एस. टी.ने येतात. त्यांतील कित्येकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात असते. कोणाच्या घरी बंजारा बोली, कोणाच्या घरी गोंडी, तर कोणाच्या घरी कोलामी. पाठ्यपुस्तकातील मराठीच जेथे शिकून घ्यावी लागते, तेथे इंग्रजीची कथा ती काय! पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत असलेला हा जिल्हा १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याकडे आला. यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर. वणी व उमरखेड त्याहूनही दूर. तेव्हा या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने समोर खडू घेऊन उभा असलेला प्राध्यापक हेच त्यांचे विद्यापीठ होय. तो उत्तम असला तर एका घराची दिशा पालटते. नसला तर त्या घरातील दुसरे मूल महाविद्यालयात पाठवावे की नाही, याचाच फेरविचार होतो.

अशा उत्तम अध्यापनाची पारख आजची व्यवस्था कशी करते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत बढतीसाठी अध्यापनाचे मोजमाप दिलेले आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर अध्यापन ‘चांगले’. ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ‘समाधानकारक’. म्हणजे तास झाला की नाही, एवढेच मोजावयाचे. तासात काय झाले, हे नव्हे. उलट त्याच नियमांत मान्य नियतकालिकातील शोधनिबंधाला विज्ञानशाखेत ८ आणि भाषा व मानव्यविद्यांत १० गुण आहेत. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीस संशोधनाचे किमान ७५ गुण लागतात आणि प्राध्यापकाच्या नेमणुकीस १२०. दुपारी तास संपल्यावर एखादी विद्यार्थिनी न समजलेले प्रमेय घेऊन दाराशी उभी राहिली, तर तिच्यासाठी घालविलेल्या घटकेला या कोष्टकात रकानाच नाही. अध्यापकही संसारी मनुष्य आहे. जेथे गुण मिळतात तिकडे त्याचे मन वळले, तर दोष केवळ त्याला देता येणार नाही.

नियम करणाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. तासांची संख्या कोणालाही मोजता येते. शिकविण्याचा कस ठरवावयाचा म्हटला की मर्जी, गटबाजी आणि नात्यागोत्याची शिफारस आत शिरते. आकडा आंधळा असतो खरा. परंतु आंधळा असल्यामुळेच तो पक्षपात करीत नाही. म्हणून आकडे फेकून देणे हा उपाय नव्हे. त्यांच्या जोडीला डोळस साक्ष उभी करणे हा उपाय होय.

आता पुरस्कारांची गोष्ट. ५ सप्टेंबर हा दिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांत उच्च शिक्षणातील अध्यापकांचा समावेश मात्र २०२३ साली झाला. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु जेथे पुरस्कारासाठी ज्याचा त्यानेच अर्ज करावयाचा आणि आपल्या थोरवीचे कागद आपणच जुळवावयाचे, तेथे निवड उत्तम अध्यापकाची होते की उत्तम अर्जदाराची, ही शंका उरतेच. शिवाय तासिका तत्त्वावर काम करणारा जो अध्यापक तासागणिक मानधन घेतो, त्याच्यापर्यंत शाल आणि श्रीफळ पोहोचणे कठीण. आणि पुष्कळ वर्ग तर त्याच्याच भरवशावर चालतात.

गौरव म्हणजे निव्वळ द्रव्य, असे समजण्यातही धोका आहे. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेव्हा डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांचे मासिक वेतन ७५ रुपये ठरले होते. पुढे बाहेरची मिळकत आणि वाढीव वेतन यांवरून मतभेद विकोपास गेले आणि १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. ज्यांच्या त्यागाविषयी कोणी शंका घेणार नाही, अशा मंडळींतही पैशाच्या वाटणीने दुरावा आला, हे विसरता कामा नये.

मग करावे काय? पहिली गोष्ट, साक्षीदार योग्य निवडावेत. दुसऱ्या महाविद्यालयातील त्याच विषयाच्या जाणत्या अध्यापकाने वर्षातून दोन-तीन वेळा मागच्या बाकावर येऊन बसावे; काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या वह्या पाहाव्यात. विद्यार्थ्यांचे मतही घ्यावे. परंतु ते परीक्षेच्या तोंडावर नव्हे, कारण तेव्हा सढळ गुण देणारा प्रिय वाटतो. महाविद्यालय सोडून तीन-चार वर्षे लोटल्यावर कोणाचे शिकविणे उपयोगी पडले, हे त्यांना अधिक नीट सांगता येते.

दुसरी गोष्ट, बक्षीस असे असावे की त्याने अध्यापन वाढावे. निवड झालेल्या अध्यापकाचे काही तास कमी करून तो वेळ नव्या सहकाऱ्यांना तयार करण्यास द्यावा. बढतीत या कामास शोधनिबंधाच्या तोडीचे स्थान असावे. कॅनडात १९८६ पासून दरवर्षी दहा प्राध्यापकांना अध्यापनासाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती देण्यात येऊ लागली. निवडलेल्यांना काही दिवस एकत्र आणून अध्यापनाविषयी विचारविनिमय घडवून आणणे, हा तिचा एक भाग. एकाचा गुण दहांना मिळावा, हे तत्त्व पुसदला किंवा वणीला अमलात आणण्यास मोठा खर्च येणार नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे संत गाडगेबाबांचे. शाळेची पदवी नसलेला हा महापुरुष कीर्तनात श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारी आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेई. लोकशिक्षणाची ती रीत वऱ्हाडातील खेड्यापाड्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. त्या नावाच्या विद्यापीठाने वर्गातील प्रश्नोत्तराला कागदावरील गुणांइतके तरी मोल द्यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. तोवर मुलांना महाविद्यालयात घालणाऱ्या पालकांनी निकालाच्या टक्केवारीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे न समजलेले पुन्हा समजावून कोण सांगतो? जेथे या प्रश्नाला माणसाचे नाव घेऊन उत्तर मिळेल, तेथे मुलाला निश्चिंतपणे पाठवावे.