पक्कं बिल मागायची लाज कसली?

(कामासाठी गोव्याला निघालेल्या मुलामुलींसमोर जोयड्यात केलेलं भाषण)



तुमच्यातले बरेच जण आता गोव्याला निघालेत. कुणी फोंड्याला, कुणी मडगावला. खोली मिळाली की पहिल्याच आठवड्यात खरेदी सुरू होते. गादी, शेगडी, पंखा, मोबाईल. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, पण आज या खरेदीबद्दलच बोलणार आहे.

माझा मावसभाऊ असाच मडगावला गेला. पहिल्या पगारातून त्याने आईसाठी मिक्सर घेतला. दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा पडेल." याने चार पैसे वाचवले. हातात काय आलं? साध्या कागदावर लिहिलेला एक आकडा. तीन आठवड्यांत मोटर जळली. परत गेला तर उत्तर मिळालं, "हा आमच्याकडचा मालच नाही." मावशी म्हणाली, "जाऊ दे रे, आपलीच चूक."

मावशीचं हे वाक्य मला अजून खटकतं. चूक आपली नव्हती, आपल्याला फक्त माहिती नव्हती.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काय सांगतो? बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावून दुकानदाराची सुटका होत नाही.

दुसरं, पाकीट वाचा. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. त्यावर "टॅक्स वेगळा" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर हे सगळं हिंदीत किंवा इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, ग्रॅममागचा भाव बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला वाटतं, वस्तू गोव्यात घेतली, आपण कर्नाटकातले, तक्रार कुठे करणार? १९८६ च्या कायद्यात खरंच ती अडचण होती. दुकानदार जिथला, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथेच जावं लागायचं. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. मडगावात घेतलेल्या मिक्सरची तक्रार कारवारला चालते. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचीही. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या नंबरवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

बिल मिळालं की त्याच दिवशी फोटो काढा, कारण मशीनच्या बिलाची शाई उडते. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, त्याची नोंद राहते.

नव्या गावात भाषेचा सूर ऐकून दुकानदार ओळखतो की हा बाहेरचा आहे, भांडणार नाही. तुम्ही भांडूही नका. फक्त शांतपणे म्हणा, "दादा, पक्कं बिल द्या." नाही दिलं, तर पुढचं दुकान आहेच.