काचेची मुदत



एप्रिलमध्ये मला कर्जत-खालापूरच्या या व्याख्यानमालेत उभं केलंत, हे बरं झालं. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामक त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळेत बंब येतो, मुलं त्यावर चढून फोटो काढून घेतात. मी मात्र आज आग विझवण्याबद्दल कमी बोलणार आहे. आग अडवायची कशी, ते सांगणार आहे, आणि तेही काचेच्या अंगाने. विषय ऐकल्यावर दोघं-तिघं उठून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले, ते दिसलं मला. हरकत नाही, आवाज तिथपर्यंत पोहोचतो.

आधी आपला मुलूख बघू. कर्जत, खोपोली, नेरळ, चौक, रसायनी अशी ही विखुरलेली वस्ती आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये घाट, पूल, आणि शनिवारी सकाळी कर्जतच्या चारफाट्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग. बंब निघाला तरी तो त्याच रस्त्याने येणार. मदत पोहोचायला वेळ का लागतो, हे खालापूर तालुक्याला कुणी शिकवायला नको. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा माणसांना पायीच वर जावं लागलं, यंत्रं चढलीच नाहीत. आणि त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराने गेले. ती आग नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब तोच. जिथे मदत उशिरा येणार, तिथे इमारतीनेच तोवर टिकून राहिलं पाहिजे.

आपल्याकडे मे 2021 मध्ये कर्जत-चौक रस्त्यावरच्या एनडी स्टुडिओत आग लागली. ‘जोधा अकबर’साठी उभारलेला सेट जळाला. माणसं वाचली, हे नशीब. सेट म्हणजे लाकूड, प्लायवूड, प्लास्टर आणि कापड, आतून सगळं मोकळं. एकदा धरलं की अडवायला मध्ये काहीच नाही. आता त्याच रस्त्याच्या दुतर्फा उभी राहणारी रिसॉर्टं बघा. बांबूचा मांडव, गवताची शाकारणी, खाली शेगडी, वर दिव्यांच्या माळा. मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर अशाच हलक्याफुलक्या छपरांनी पेट घेतला आणि 14 जणं गेली. बहुतेकांचा जीव घुसमटून गेला, कित्येक जण स्वच्छतागृहात सापडले. ज्वाळेआधी धूर पोहोचतो, आणि माणसं धुरानेच जातात.

माथेरानच्या उतारावर मार्चमध्ये वणवा पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. वनखातं थंडी सरता सरता गवताचे पट्टे आधीच जाळून ठेवतं. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर येतो, खायला काही मिळत नाही, थांबतो. इमारतीत जाळरेषेचं काम भिंत करते, स्लॅब करतो, जिन्याचं दार करतं. या रेषेला जिथे भोक पडतं, तिथून आग पलीकडे जाते. वायरींचा डक्ट हे एक भोक, उघडं ठेवलेलं दार हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे काच.

साधं तावदान आगीत कसं वागतं? त्याचा मधला भाग तापतो, कडा मात्र चौकटीत दडलेल्या असल्याने थंड राहतात. दोहोंत सुमारे 40 अंशांचा फरक पडला की काच तडकते. टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपास फरक सोसते, आणि मग एकदम साखरेच्या खड्यांसारखी ढासळते. गाडीच्या काचेला हे चालतं, जिन्याच्या दाराला नाही. ‘आमच्याकडे टफन्ड लावलीय, फायरचीच आहे,’ असं मला पुष्कळ ठिकाणी ऐकवलं जातं. टफन्ड काच ही माणूस आदळल्यावर कापू नये म्हणून असते. आगीशी तिचा करार नाही.

आगरोधक काच वेगळी. तिची परीक्षा भट्टीत होते. काच, चौकट, गॅस्केट, स्क्रू असं सगळं जोडून भट्टीच्या तोंडाला बसवतात आणि ठरलेल्या चढणीने ताप वाढवत नेतात. पाचव्या मिनिटाला 576 अंश, तिसाव्याला 842, साठाव्याला 945. बाहेरच्या बाजूला माणूस उभा असतो. कुठे फट दिसली की तो तिथे कापसाची गादी धरतो. कापूस पेटला, की परीक्षा संपली. इतकी ही साधी कसोटी आहे.

या परीक्षेत तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची काच ज्वाळा आणि धूर अडवते, पण उष्णता आरपार जाऊ देते. तिला ‘ई’ म्हणतात. दुसरी ‘ईडब्ल्यू’, ती उष्णतेचा झोत कमी करते. तिसरी ‘ईआय’. तिच्या मागच्या बाजूचं तापमान सरासरीने 140 अंशांहून जास्त वाढता कामा नये. या तिसऱ्या काचेत दोन-तीन तावदानांमध्ये एक पारदर्शक थर असतो. ताप लागला की तो फुगतो, दुधासारखा पांढरा होतो आणि आगीकडचं तावदान फुटलं तरी मागचं धरून ठेवतो. जिन्यातून शेजारीण म्हातारीला धरून खाली आणतेय आणि काचेपलीकडे लॉबी जळतेय, अशा वेळी ‘ई’ची काच उभी राहील, पण तिच्याजवळून जाता येणार नाही. त्यामुळे बिल्डरला ‘फायरची काच आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. कुठली, आणि किती मिनिटांची, हे विचारायचं. या मिनिटांना मी काचेची मुदत म्हणतो. तीस, साठ किंवा एकशेवीस.

एका नव्या इमारतीची पाहणी करताना, नाव राहू द्या, जिन्याचं दार मला फार देखणं वाटलं. दारावर 120 मिनिटांची पट्टी ठोकलेली. मधोमध हातभर उंच काच. तिच्या चारही कोपऱ्यांवर टॉर्च मारला, काही नाही. खऱ्या आगरोधक काचेच्या कोपऱ्यावर कंपनी, वर्ग आणि मिनिटं कायमची उमटवलेली असतात, ती पुसली जात नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, सामान चढवताना मूळ काच फुटली, तेव्हा बाजारातल्या काचवाल्याला बोलावून मापाची नवी बसवून घेतली. काचवाल्याचा दोष नाही, त्याला माप दिलं, त्याने माप आणलं. ही काच जागेवर कापता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कडेला नेहमीचं सिलिकॉन भरलेलं. वरचा डोअर क्लोजर काढून ठेवला होता, कारण दार ‘फार जोरात लागतं’. आणि ते उघडं राहावं म्हणून खाली तुळशीची कुंडी. आता त्या दारावरच्या 120 मिनिटांतलं काय उरलं, तुम्हीच सांगा.

दर्शनी काचेचाही एक मुद्दा आहे. कर्जत स्टेशनच्या आसपास आणि चौकच्या बाजूला दुकानं, दवाखाने, ऑफिसं आता काचेने मढवायची टूम निघालीय. पनवेल-कर्जत लोकलमुळे ही हौस वाढेल. अंधेरीचं लोटस बिझनेस पार्क असंच काचेचं. 18 जुलै 2014 ला तिथे वरच्या मजल्यांवर आग लागली, काचेच्या वेष्टनामुळे काम अवघड झालं आणि मुंबई अग्निशमन दलाचा एक जवान प्राणाला मुकला. राष्ट्रीय इमारत संहितेत, 2016 च्या आवृत्तीत, याचा विचार आहे. काचेच्या दर्शनी भिंतीत दर मजल्यावर, 10 मीटरहून जास्त अंतर न ठेवता, मीटरभर रुंद आणि मीटरभर उंच उघडणारी झडप हवी. स्लॅबची कड आणि काच यांच्यातली फट आगरोधक मालाने बुजवलेली हवी. ही फट वरून दिसत नाही, म्हणूनच ती राहून जाते, आणि धूर तिच्यातून मजल्यामागून मजला चढतो. ही संहिता 15 मीटर उंचीपासून इमारतीला उंच इमारत मानते. आज नेरळमध्ये त्याहून उंच किती उभ्या आहेत, संध्याकाळी चालत जाऊन मोजा.

आता कायदा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा, लागू झाला 6 डिसेंबर 2008 पासून. त्याचा गाभा लोकांच्या कानावर अजून पडलेला नाही. या कायद्याने सुरक्षेचं ओझं मालकाच्या, नाहीतर भोगवटादाराच्या डोक्यावर ठेवलंय. बिल्डर चावी देऊन गेला की ते सोसायटीवर येतं. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं. हाच तो फॉर्म बी. आपल्याकडे तो पुष्कळदा फोनवर ठरतो. एजन्सीचा माणूस येतो, पंप चालू करून बघतो, नळकांड्यांवर नवी तारीख चिकटवतो, चहा घेतो. दारं आणि काचा त्याच्या यादीत असतात की नसतात, हे कमिटीतल्या कुणी विचारत नाही. पंपाला वीज लागते, टाकीला पाणी लागतं. मे महिन्यात टँकरच्या भरवशावर राहणाऱ्या सोसायटीत ती आगीची राखीव टाकी किती भरलेली असते, हे तिथले रहिवासी जाणतात. दाराला ना वीज लागते ना पाणी. कुंडी तेवढी बाजूला करावी लागते.

दारं-काचा रुग्णालयात सगळ्यांत महत्त्वाच्या, कारण तिथला माणूस पळू शकत नाही. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात अर्भकांच्या कक्षात 10 बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता कक्षच पेटले. अशा कक्षाला डॉक्टरांना बाहेरून रुग्ण दिसावा म्हणून काच हवीच असते. तिथे काटकसर करून साधी काच लावणं मला गुन्ह्याच्या जवळचं वाटतं. पेशंटला शेजारच्या कक्षात हलवायचं, आणि मधल्या काचेने तोवर आग अडवून धरायची, एवढाच तिथे उपाय असतो.

खर्चाचं विचाराल, तर ‘ईआय’ची काच साध्या काचेच्या कित्येक पट महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण सहा मजली सोसायटीला ती जिन्यात हवीच, असं कुठे आहे? नऊ इंची विटेची भिंत, गिलाव्यासकट, दोन तासांहून अधिक टिकते, आणि वीट आपल्याकडे कुठेही मिळते. देखणेपणाच्या हौसेने भिंत काढून काच लावायची आणि मग काच परवडत नाही म्हणून खोटी लावायची, हा उद्योग मला समजत नाही. ज्यांच्याकडे काच आधीच आहे, त्यांनी कोपऱ्यावरचा शिक्का बघावा, चाचणीचा अहवाल मागावा, आणि अहवालातली चौकट व आपली चौकट एकच आहे का ते ताडून घ्यावं. शिक्का नसेल, तर पुढचा फॉर्म बी सही होण्याआधी एजन्सीला लेखी विचारा. जुलै जवळ आलाय.

त्या टेबलावर भट्टीतून काढलेला काचेचा एक तुकडा ठेवलाय, पांढरा पडलेला. हातात घेऊन बघायला हरकत नाही. ज्यांच्या इमारतीचा नकाशा सोबत आहे त्यांनी आधी पुढे या, प्रश्न त्यांच्यापासून घेऊ.